विषम संख्येचा नाच

पितृपक्ष लागला की मंगल कार्यालयांना काम नसतं. मुहूर्त नाहीत, कार्यं नाहीत, हॉल रिकामे. नंदुरबार शहरात हाच पंधरवडा गरबा-दांडियाच्या वर्गांचा. हॉलवाला कमी भाड्यात संध्याकाळचे दोन तास देतो, कुणी शाळेचं पटांगण मिळवतं, कुणी अपार्टमेंटच्या गच्चीवर सोय करतं. सात वाजले की स्पीकर लागतो, पिशव्यांतून टिपऱ्या निघतात आणि शिकवणारे सर बोटाने डोकी मोजायला लागतात.

अशा एका वर्गात मी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. डोकी भरली २७. सरांनी पुन्हा मोजलं. २७च. "एक जण उरतंय. शेवटी कोण आलं?" सगळ्यांनी ज्या मुलीकडे पाहिलं ती अकरावी-बारावीतली असावी. मैत्रिणीने यायचं कबूल केलं होतं, ती आली नाही, म्हणून ही एकटी आली. सर म्हणाले, "बेटा, तू जरा थांब, पुढच्या गाण्याला घेतो." पुढचं गाणं लागलं. तोवर जोड्या जमल्या होत्या, आणि एकदा जमलेली जोडी मोडायला कुणी राजी नसतं. ती टिपऱ्या मांडीवर ठेवून मोबाइल बघत बसली.

वर्ग सुटल्यावर सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या आठवड्यात गळणारी मुलं पाय पडत नाहीत म्हणून गळत नाहीत. पाय सगळ्यांचेच चुकतात, त्याची कुणाला लाज नसते. ज्यांना जोडी मिळत नाही ती दुसऱ्या दिवशी येत नाहीत. गोड बोलून फोन करावा लागतो. "स्टेप शिकवणं सोपं, जोड्या लावणं अवघड," ते म्हणाले, आणि मग त्यांनी आपले उपाय सांगितले. एक म्हणजे स्वतः जोडीला उभं राहायचं. पण सर टिपऱ्या खेळायला लागले की बाकी सव्वीस जणांचे पाय बघणार कोण? दुसरा उपाय, तिघांचा गट करायचा. तिघांत एकाची टिपरी नेहमी उशिरा लागते, आणि ती लागते बोटांवर. तिसरा उपाय त्यांना सगळ्यात आवडतो. मुलींना न्यायला आलेल्या आयांपैकी एखादी भिंतीला टेकून ताल धरत असते, तिला ओढायचं. ती "अहो नको, मला कुठे येतंय" म्हणते आणि दोन मिनिटांत सगळ्यांपेक्षा बरी खेळायला लागते. शेवटचा उपाय म्हणजे हवेत टिपरी मारायची, समोर कुणीतरी आहे असं समजून. हा उपाय सरांनाही पटत नाही. अडचण म्हणून करतात.

मुलगे किती, हा पुढचा प्रश्न. त्या २७ मध्ये सहा. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९ होता. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यांना एकदम मैदानात उतरवलं तर आपली जुळणी राज्यापेक्षा सरस व्हावी. पण वर्गाला जनगणना येत नाही. वर्गाला त्याच मुली येतात ज्यांना घरून परवानगी मिळते आणि तेच मुलगे येतात ज्यांना मित्र चिडवत नाहीत. घरून परवानगी देताना अट असतेच, जोडी मैत्रिणीशी. तेव्हा वर्गात मुलगा-मुलगी हा पेच पडतच नाही. पडतो तो मैदानावर, जिथे तिकिटाच्या फ्लेक्सवर 'कपल एंट्री' असं छापलेलं असतं. एकट्या मुलांना फाटकाशी अडवायचं म्हणून ही युक्ती निघाली, तिच्यामागे छेडछाडीची खरी भीती आहे, हे मान्य. पण तिचा परिणाम असा होतो की एकटा मुलगा फाटकावर भेटेल त्या मुलीला "फक्त आत जाईपर्यंत" अशी विनंती करतो. ज्या गर्दीपासून मुलींना वाचवायचं, तिलाच मुलींकडे विनवणी करायला पाठवणारी ही व्यवस्था मला तरी उफराटी वाटते.

नंदुरबारला गरबा-दांडिया बाहेरून आलेला नाही. १९४२च्या सप्टेंबरात इथे गोळीबारात बळी गेलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता गुजराती घरातला. शहरात व्यापारी गुजराती घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, शहादा-तळोद्याच्या बाजूला गुजर समाज आहे, आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन तर असं की निम्मा फलाट महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. सुरत-भुसावळ मार्गावरच्या त्या फलाटावरून चालत गेलं की स्टेशन न सोडता राज्य बदलतं. नवरात्रात खोडाई मातेच्या यात्रेला जाणारी माणसं रात्री गरब्यालाही दिसतात. मराठी घरात भुलाबाई आणि गुजराती घरात गरबा, असली वाटणी इथे कधी नीट झालीच नाही.

आता थोडं गणित. कंटाळा येणार नाही याची हमी देतो.

गरब्याला जोडी लागत नाही. मधे गरबो, म्हणजे आत दिवा ठेवलेलं छिद्रांचं मडकं, आणि भोवती रिंगण. २७ आले काय, २८ आले काय, रिंगण थोडं मोठं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतला तो हाच गुजरातचा गरबा. दांडियाचं तसं नाही. टिपरीला समोर टिपरी हवी. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, आठ मात्रांचं एक आवर्तन खेळतात, आणि आवर्तन संपलं की सरकतात. कुठे सरकायचं, त्यात सगळी गंमत आहे.

शहरातल्या बहुतेक वर्गांत एक ओळ जागेवर राहते आणि दुसरी एकेक घर पुढे जाते. किंवा आतलं रिंगण स्थिर, बाहेरचं फिरतं. यात विषम संख्या आली की फिरत्या ओळीत एक जण जास्त होतो आणि फेरीमागून फेरी कुणीतरी बाहेर उभं राहतं. शिवाय जागेवरच्या ओळीतल्या १३ मुली एकमेकींना कधीच भेटत नाहीत. मैत्रिणी एकाच ओळीत उभ्या राहिल्या, तर रात्रभर शेजारी राहूनही त्यांची एकही टिपरी एकमेकींना लागत नाही.

आता दोन्ही ओळी चालवा. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताला एक घर सरकायचं. समोरासमोर असल्यामुळे एक ओळ पूर्वेला जाते, दुसरी पश्चिमेला, आणि टोकाला पोहोचलेला वळून समोरच्या ओळीत शिरतो. दोन ओळी दिसतात खऱ्या, पण ते एक लांबट चपटं रिंगणच झालं. संख्या विषम असेल तर टोकाच्या एका जागेसमोर कुणी नसतं. त्या जागी जो येईल त्याने एक आवर्तन टिपरी खाली धरायची, दम घ्यायचा, पुढच्या आवर्तनाला वळून समोरच्या ओळीत. २७ जण असतील तर २७ आवर्तनांत प्रत्येकाच्या वाट्याला विश्रांती एकदाच येते. एक आवर्तन पाच-सहा सेकंदांचं धरलं तर हा सगळा फेरा अडीच मिनिटांचा.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. या चालीत विषम संख्या असेल तर त्या २७ आवर्तनांत प्रत्येकाची गाठ उरलेल्या २६ जणांशी पडते, एकदाच, न चुकता. आणि संख्या सम असेल तर? २८ जणांच्या त्याच रिंगणात प्रत्येकाला फक्त १४ जण भेटतात. बाकीचे १३ जन्मात भेटत नाहीत, कितीही फेरे घ्या. खोटं वाटत असेल तर जेवणाच्या टेबलावर पाच वाट्या मांडून सरकवून बघा, मग चार मांडा. चारात समोरच्या कोपऱ्यातली वाटी कधीच जोडीला येत नाही. पाचात सगळ्या येतात. कबड्डीच्या साखळी सामन्यांचं वेळापत्रक लावणारे हीच रीत वापरतात. संघ विषम असतील तर प्रत्येक फेरीत एकाला 'बाय' मिळते, आणि संघ सम असतील तर त्यांना एका संघाला मुद्दाम खिळवून ठेवून बाकीचे फिरवावे लागतात, नाहीतर निम्म्या लढती होतच नाहीत. म्हणजे डोकी मोजताना सरांच्या कपाळावर जी आठी पडते ती २८ला पडायला हवी. २७ हा तर शुभ आकडा.

मी हे सरांना कागदावर दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण मुलींना मैत्रीण सोडायची नसते ना." हा आक्षेप गणितातला नाही, त्यामुळे त्याला गणिताचं उत्तरही नाही. फिरती चाल लावली की पहिली तीन-चार आवर्तनं गोंधळ होतो, मैत्रिणीपासून दूर गेलेली मुलगी मान वळवून तिच्याकडेच बघत राहते आणि समोरच्या अनोळखी टिपरीचा फटका चुकवते. पण पाच मिनिटं रेटलं तर जमतं. त्यानंतर 'ती माझी जोडी' हे वाक्य कानावर येत नाही, कारण जोडी दर सहा सेकंदांना दुसरीच असते.

जोडीच्या नाचात माणसं कमी-जास्त भरण्याचा पेच आजचा नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात, रासपंचाध्यायीत, गोपी पुष्कळ आणि कृष्ण एक. त्याने काय केलं? दर दोन गोपींच्या मधे एकेक कृष्ण उभा केला. नोंदणी थांबवली नाही, कुणाला पुढच्या गाण्याला थांब म्हटलं नाही, आपलीच संख्या वाढवली. संयोजकांना हा मार्ग खुला नाही. पण पुढे रास माणसांच्या हाती आला तेव्हा त्यांनी स्त्री-पुरुष जुळवण्याचा हट्टच धरला नाही, हे लक्षात घ्यावं. सौराष्ट्रात पोरबंदरकडचा मेर समाजाचा दांडिया रास पुरुषांचा, पुरुषाच्या समोर पुरुष, उड्या आणि गिरक्या घेत. गरबा मुळात बायकांचा. टिपरीच्या एका टोकाला मुलगा आणि दुसऱ्या टोकाला मुलगीच हवी ही कल्पना सिनेमांनी आणि कॉलेजच्या दांडिया नाइटांनी रुजवली, आणि तिच्याबरोबर जोडी न मिळण्याचं दुःखही आणलं.

ज्या नाचात पुढे कोणी न्यायचं आणि मागे कोणी जायचं हे ठरलेलं असतं, तिथे हा पेच आणखी घट्ट बसतो. पुण्या-मुंबईत सालसा, बचाटाच्या कार्यशाळा होतात. तिथे 'लीड' आणि 'फॉलो' अशा दोन भूमिका. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं, जोडीदार आणायची गरज नाही. आत गेल्यावर दर काही मिनिटांनी शिक्षक जोडीदार बदलायला लावतात, आणि तरीही फॉलोंची ओळ लांब आणि लीडची आखूड झाली की काही जणी रिकाम्या हातांनी पावलं टाकत राहतात. काही ठिकाणी नोंदणीच दोन रकान्यांत घेतात आणि एक रकाना भरला की त्यापुढच्या नावांना प्रतीक्षायादीत टाकतात. क्यूबातल्या हवानात १९५०च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या 'रुएदा' या प्रकारात सगळ्या जोड्या रिंगणात नाचतात आणि हाकाऱ्याने आरोळी दिली की शेजारच्या जोडीदाराकडे जायचं. अमेरिकेत 'कॉन्ट्रा' नावाचा ओळींचा नाच आहे, त्यात टोकाला पोहोचलेली जोडी एक फेरी थांबते आणि मग उलट्या दिशेने ओळीत शिरते. तिथे आता 'पुरुष' आणि 'बाई' अशी हाकही बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. दोन भूमिकांना पक्ष्यांची नावं दिली आहेत, आणि कुणी कोणतीही भूमिका घ्यावी. अर्धा पेच त्यानेच सुटला.

आपल्याकडे फुगडीने तो केव्हाच सोडवला आहे. कानबाईच्या मिरवणुकीत, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवलेली कानबाई सोमवारी निघते तेव्हा, खानदेशातल्या गल्लीगल्लीत फुगड्या रंगतात. सासू-सून, नणंद-भावजय, शेजारणी. जोडी जमते ती हात पुढे करण्यावर आणि टिकते दम संपेपर्यंत. वारीत पुरुष पुरुषाशी फुगडी धरतो, अनोळखी असला तरी धरतो. गोफाला मात्र सम संख्याच लागते. निम्म्यांनी एका बाजूने आणि निम्म्यांनी दुसऱ्या बाजूने जायचं, त्याशिवाय वेणी पडत नाही. स्नेहसंमेलनात गोफ बसवणाऱ्या बाईंना त्या दिवशी एका मुलीला ताप आला तर काय होतं ते विचारा.

शहरातून वर, सातपुड्यात गेलं की हा सगळा हिशेबच बदलतो.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी जिल्ह्यात सगळ्यात मानाची. तिची परंपरा १२४६ सालापासूनची असं तिथे सांगतात. रात्रभर ढोल चालतो आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. नवस केलेले पुरुष बावा, बुध्या होऊन येतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरू. आधीचे काही दिवस त्यांनी पालनी पाळलेली असते, खाटेवर झोपायचं नाही, व्रतस्थ राहायचं. त्यांच्या कमरेचा आवाज ढोलाच्या आधी ऐकू येतो. हे दृश्य दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतं, कारण ते डोळ्यांत भरतं. मला पाहावंसं वाटतं ते त्यांच्या पलीकडे, बायकांच्या ओळींकडे.

ओळ अशी असते. एकीचा हात शेजारणीच्या पाठीमागून पुढच्या शेजारणीच्या कमरेला किंवा हाताला. त्यामुळे प्रत्येक जण दोघींना धरून असते आणि दोघींनी धरलेली असते. ओळ ढोलाभोवती अर्धगोलात बाजूला सरकते, गुडघे किंचित वाकतात, चांदीचे दागिने एका ठेक्यात वाजतात. एका ओळीने गाण्याचा एक चरण म्हणायचा, दुसरीने पुढचा उचलायचा. इंदलच्या पूजेच्या रात्रीही असंच, लग्नातही असंच. नवी बाई आली की ती शेवटाला जोडली जाते. मधे घुसायचं असेल तर दोघींचे हात वर होतात, ती खालून आत शिरते आणि हात पुन्हा गुंततात. लहान पोरी शेवटाला लोंबकळत पाय शिकतात. थकलेली बाई बाहेर पडते, फट बुजते. आठ जणी असोत की साठ, सम की विषम, कुणी विचारत नाही, कारण विचारून काही बदलत नाही. पुरुष वेगळे नाचतात, ढोलाजवळ, धनुष्यबाण किंवा तलवार घेऊन. त्यांच्या नि बायकांच्या संख्येचं प्रमाण काय, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग या डोंगरांबद्दल 'जोडीदार निवडण्याचा सण' अशा बातम्या येतात कुठून? त्या भोंगऱ्याच्या. होळीच्या आधीच्या आठवड्यातला हाट तो भोंगऱ्या. धडगाव आणि आसपासच्या गावांत भरतो, मध्य प्रदेशात बडवानी, अलीराजपूर, झाबुआ भागातही भरतो. तिकडे भगोरिया म्हणतात. डाळ्या, फुटाणे, गूळ, साखरेचे हार-कंगण, नवे कपडे, होळीला लागतील त्या वस्तू घ्यायला लोक येतात, ढोल आणतात, नाचतात. त्यावर बाहेरच्या लेखणीने गोष्ट रचली की मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो, पान देतो आणि तिने घेतलं की दोघं पळून जातात. पर्यटनाच्या पत्रकांनी ती उचलली. आदिवासी संघटना आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत आहेत की हा बाजार आहे, वधू-वर मेळावा नाही. बाजारात तरुण-तरुणी एकमेकांना बघत नाहीत असं कुणीच म्हणत नाही. ते नंदुरबारच्या भाजीबाजारातही बघतात. पण त्यावरून भाजीबाजाराला कुणी लग्नबाजार म्हटलेलं नाही. ज्या समाजाचा नाच जोडीशिवाय चालतो, नेमकी त्याच्याच नाचावर जोडी जमवण्याची कथा लादावी, यात लिहिणाऱ्याच्याच डोक्यातला दांडिया दिसतो.

या डोंगरातल्या माणसांकडे जोडीचा हिशेब मागणारा एक जण मात्र आहे. तो मुकादम. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडून हजारो लोक गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात. तिथे मजूर मोजायचं एकक माणूस नाही, कोयता. एक कोयता म्हणजे जोडपं, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७०च्या दशकात बार्डोलीच्या ऊसपट्ट्यात खानदेशातून येणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला, तेव्हाही हिशेब कोयत्यावरच होता. मराठवाड्यात हंगामाच्या तोंडावर अल्पवयीन मुलींची लग्नं घाईने उरकली जातात, त्यामागेही पूर्ण कोयता भरण्याचं हे गणित असतं. दांडियाच्या मैदानावर जोडी नसलेल्याची संध्याकाळ फुकट जाते. उसाच्या फडात जोडी नसलेल्याची उचल अर्धी होते. बायको आजारी पडली तर नवऱ्याची मजुरी आपोआप अर्ध्यावर येते, कारण मोळी बांधायला कुणी नसतं. हीच माणसं होळीला गाळप चालू असतानाही गावी येतात, जीप आणि ट्रक भरभरून येतात. एवढा आटापिटा कशाला, असं कारखान्याच्या माणसाला वाटतं. मला वाटत नाही.

सातपुड्यातल्या नाचाच्या याच ओळीला स्टेजवर आणलं की आणखी एक आकडा आडवा येतो. आश्रमशाळांच्या स्पर्धा असोत, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन असो, की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवारंग महोत्सव, समूहनृत्याला संख्येची मर्यादा असते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्याच्या संघात जास्तीत जास्त दहा नर्तक. दहा म्हटलं की शिक्षक पाच मुलगे आणि पाच मुली निवडतात, पाच जोड्या लावतात, मधे मधे मुलगा मुलीभोवती फिरतो, शेवटी मनोरा होतो आणि बक्षीस मिळतं. नाच बघायला छान असतो, खोटं कशाला बोला. पण ज्या नाचात अकरावी मुलगी सहज मावली असती तिथे तिला निवड चाचणीत घरी पाठवलेलं असतं. नियम दिल्लीत बसून केलेला, तो सगळ्या देशाला लागू. भांगड्यासाठी, लावणीसाठी, सगळ्यांसाठी दहा. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी मुलींच्या ओळीला तो लावताना कुणाला काही खटकलं असेल असं दिसत नाही.

मात्र एक प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. टिमली. दक्षिण गुजरात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात लग्नात बँडच्या तालावर नाचतात तो प्रकार. पूर्वी ढोल होता, आता कीबोर्डवाला बँड आणि भिंतीएवढे स्पीकर. पण मांडणी जुनीच, खांद्याला खांदा, कमरेला हात, एकामागे एक ओळी, सगळ्यांचं पाऊल एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, मग वळण. वऱ्हाडातला कुणीही कुठेही शिरतो. गेल्या काही वर्षांत हीच टिमली सुरत, अहमदाबादच्या गरबा वर्गांत 'स्टेप' म्हणून शिकवली जाऊ लागली आणि तिथून व्हिडिओंवर चढून नंदुरबारच्या हॉलमध्ये परत आली. वर्गातल्या मुलींना ती गुजरातची नवी स्टेप वाटते. त्यांतल्या काहींच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर ती रोजच्या लग्नात चालू असते.

त्या हॉलमधले सरही टिमली शिकवतात, शेवटच्या वीस मिनिटांत. तेव्हा ते डोकी मोजत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यात काय मोजायचं, उभे करायचे." जोड्यांसाठी पाऊण तास घामाघूम होणाऱ्या माणसाने हे इतक्या सहज सांगावं, आणि वर्गाची सुरुवातच टिमलीने करावी हे त्यांना सुचू नये, याचं मला हसू आलं. तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, लोक फी दांडियाची देतात.

फी न देता शिकायची असेल तर एप्रिल-मेमध्ये नवापूर तालुक्यात कुठल्याही लग्नाच्या रात्री जा. बँडचा आवाज दोन गावं आधी ऐकू येतो, पत्ता विचारावा लागत नाही. शेवटच्या ओळीच्या टोकाला जो असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवा. तीन गाण्यांत पाय बसतात. फक्त कुणी म्हाताऱ्याने, "कोणाकडचे तुम्ही, नवरीकडचे की नवऱ्याकडचे?" असं विचारलं तर काहीतरी उत्तर तयार ठेवा, म्हणजे जेवू घालूनच पाठवतात.